एक ज्यूल गेला कुठे?



पंखा नुसता घुंईं करतो, फिरत नाही, म्हणून वायरमनला बोलावले की तो स्टुलावर चढतो, नवा कंडेन्सर बसवतो आणि पंखा गरगरू लागतो. बहुतेक घरांत कंडेन्सरची ओळख एवढीच. बारावीच्या पुस्तकात धारित्र म्हणून भेटतो तो हाच. आज मात्र पंखा बाजूला ठेवू. दोन कंडेन्सर, एक बटण आणि वीतभर तार एवढ्या सामानात एक कोडे तयार होते आणि ते भल्याभल्यांना चकवते.

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर आकडे लिहून घ्या. दहा हजार मायक्रोफॅरडचा, साधारण अंगठ्याएवढा कंडेन्सर घेतला आणि बॅटरी लावून २० व्होल्टपर्यंत चार्ज केला. त्यात ०.२ कूलोम चार्ज साठला. ऊर्जा किती? धारिता, म्हणजे ते दहा हजार मायक्रोफॅरड किंवा ०.०१ फॅरड, गुणिले व्होल्टचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. ०.०१ गुणिले ४००, भागिले दोन, म्हणजे २ ज्यूल. आता बॅटरी काढून टाकली. तसाच दुसरा, पण रिकामा कंडेन्सर आणला, धन टोकाला धन आणि ऋण टोकाला ऋण जोडले, बटण दाबले. चार्ज दोघांत सारखा वाटला गेला, प्रत्येकी ०.१ कूलोम. व्होल्ट दोन्हीकडे १०. आता ऊर्जा मोजा. प्रत्येकात अर्धा ज्यूल, दोन्ही मिळून एक. चार्ज तर कणभरही कमी झाला नाही, मग एक ज्यूल गेला कुठे?

वर्गातली हुशार मुले लगेच सांगतात, तार तापली. उत्तर बरोबर आहे, पण ते तिथेच थांबले तर पुढची गंमत निसटते. तार तापल्यामुळे नुकसान होत असेल, तर रोध कमी केला की नुकसानही कमी व्हायला हवे. करून पाहू. सर्किटमध्ये हजार ओहमचा रोध घातला तर सुरुवातीला २० मिलिअँपिअर धारा वाहील आणि सगळे शांत व्हायला जवळजवळ अर्धा मिनिट लागेल. रोध फक्त एक ओहम ठेवला तर सुरुवातीलाच २० अँपिअर उसळतील आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी खेळ संपेल. पहिल्या वेळी उष्णता ०.४ वॉटने सुरू होते, दुसऱ्या वेळी ४०० वॉटने. हजारपट वेग, पण वेळ हजारावा हिस्सा. गुणाकार केला की दोन्ही वेळा तोच एक ज्यूल. रोध कितीही असो, बिल तेवढेच!

गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या डोळ्यांपुढे आणा. एक भरलेली, शेजारी तेवढीच दुसरी रिकामी, तळाशी जोडणारा पाइप आणि मध्ये कॉक. कॉक उघडला की दोन्हीकडे अर्धी-अर्धी टाकी. पाण्याचा थेंबही सांडलेला नाही, पण पहिल्या टाकीच्या वरच्या अर्ध्या भागातले पाणी आता दुसरीच्या खालच्या अर्ध्या भागात आले आहे. ते जेवढे खाली उतरले तेवढी त्याची ऊर्जा गेली. पाइप अरुंद की रुंद, यावर हा हिशेब ठरतच नाही. तो ठरतो सुरुवातीला पातळ्यांत किती फरक होता यावर.

आता कोणी खट्याळपणे विचारील, रोध शून्यच केला तर? पाइप खूप रुंद असेल तर पाणी मधल्या पातळीला थांबत नाही. धावत पुढे जाते, दुसऱ्या टाकीत वर चढते, मग परत फिरते. विजेचेही तसेच आहे. तारेचे कुठलेही वेटोळे, कितीही चांगल्या धातूचे असले, तरी त्याला थोडे स्वप्रवर्तन, म्हणजे वाहती धारा एकदम थांबू न देण्याचा गुण, असतेच. दोन्ही कंडेन्सर १० व्होल्टवर येतात त्या क्षणी हरवलेला ज्यूल तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात असतो. पुढच्या क्षणी तो दुसऱ्या कंडेन्सरात शिरतो आणि पहिला पार रिकामा होतो. मग उलटा प्रवास. असे हेलकावे चालू राहतात आणि ऊर्जा हळूहळू विद्युतचुंबकीय लहरींच्या रूपाने बाहेर पडते.

हे नुसते कागदावरचे नाही. लेडन जार, म्हणजे काचेच्या बरणीचा तो जुना कंडेन्सर, रिकामा होताना वीज पुढे-मागे झुलते, याचे गणित विल्यम थॉमसन यांनी १८५३ साली मांडले. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. काही वर्षांतच जर्मनीत फेडरसन यांनी फिरत्या आरशातून ठिणगीची छायाचित्रे घेतली आणि एकाच ठिणगीत ओळीने अनेक ठिणग्या दिसल्या. १८८७-८८ मध्ये हर्ट्झ यांनी अशाच ठिणगीतून निघणाऱ्या लहरी काही अंतरावर पकडून दाखवल्या. मार्कोनींची सुरुवातीची बिनतारी यंत्रेही ठिणगीचीच. आपल्या कोड्यातल्या नुकसानाच्या एका वाटेवर पुढे रेडिओ उभा राहिला, असे रेडिओवर बसून म्हणायला काही हरकत नसावी.

एक हिशेब राहिला. पहिला कंडेन्सर भरताना बॅटरीने ०.२ कूलोम चार्ज २० व्होल्टवरून दिला, म्हणजे ४ ज्यूल खर्च केले. कंडेन्सरात आले दोनच! निम्मे तिथेही गेले, आणि तिथेही तारेची जाडी बदलून फरक पडला नसता.

मग उपाय काय? पातळ्यांतला फरक कमी ठेवायचा. थेट २० व्होल्ट न लावता आधी १० लावले, कंडेन्सर भरू दिला, मग २० लावले, तर नुकसान दोन ज्यूलऐवजी एकच होते. पाच-पाच व्होल्टचे चार टप्पे केले तर अर्धा ज्यूल. दहा टप्प्यांत ०.२ ज्यूल. दुसरी युक्ती मध्ये मुद्दाम तारेची कॉइल घालण्याची. ऊर्जा काही काळ कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात राहते आणि पुढे कंडेन्सरात जाते. मोबाइलच्या चार्जरमध्ये अशाच मार्गाने वीज पुढे सरकते, म्हणून तो जुन्या वजनदार अडॅप्टरइतका तापत नाही.

खुद्द मोबाइलच्या चिपमध्ये मात्र हे इतके सोपे नाही. तिथे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी चिमुकली धारिता असते. शून्याचा एक झाला की ती भरते, एकाचा शून्य झाला की रिकामी होते. भरताना निम्मे नुकसान, आणि साठलेले उरलेले निम्मे रिकामी होताना. हे सेकंदाला अब्जावधी वेळा होत असते. चिप बनवणाऱ्यांनी यावर सरळ व्होल्टच उतरवले. पूर्वी ५ व्होल्टवर चालणारे काम आता एक व्होल्टच्या आसपास चालते. व्होल्टचा वर्ग होत असल्याने तेवढ्याच धारितेला ऊर्जा पंचविसावा हिस्सा लागते. फोन निवांत असला की प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्ट दोन्ही आणखी उतरवतो. व्होल्ट टप्प्याटप्प्याने चढवणाऱ्या चिपही प्रयोगशाळांत झाल्या आहेत. पण चढण जितकी सावकाश तितकी बचत, आणि सावकाश चालणारा फोन विकत कोण घेणार?