दक्षिणेकडील खोबऱ्याची चटणी

इडली-डोसा आता तालुक्याच्या गावीही मिळतो. पण सोबतची चटणी बरेचदा पाणचट, नाहीतर आंबूस. तमिळनाडूत आणि कर्नाटकात घरोघरी ती ताजी वाटतात. त्यातलं मर्म आज सांगतो.

वाटीभर ओल्या नारळाचा चव घ्यावा. करवंटीलगतची तपकिरी पाठ खरवडू नये. चटणी काळपट होते. त्यात दोन चमचे डाळं, दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा लहान तुकडा, किंचित चिंच आणि मीठ घालावं. साखर मात्र नको. ती आपली सवय. डाळं कशाला? त्यानं चटणी मिळून येते, पाणी वेगळं सुटत नाही. पाट्यावर वाटा की मिक्सरमध्ये, पाणी थोडं थोडंच घालायचं. मग तेलात मोहरी तडतडू द्यावी, उडदाची डाळ तांबूस करावी, सुकी मिरची नि कढीलिंब टाकून फोडणी वरून ओतावी.

आता महत्त्वाचं. यातलं खोबरं शिजत नाही. म्हणून पाणी उकळून गार केलेलंच वापरावं. सकाळी सातला वाटलेली चटणी उन्हाळ्यात दुपारी एकला मुलाच्या डब्यातून खाण्याजोगी राहीलच असं नाही. तेव्हा डब्यात सुकी चटणी द्यावी. शिक्षकबंधूंनीही हे पालकांच्या कानावर घालावं. आंबूस वास आला, तार सुटली, तर नवी फोडणी देऊन ती सुधारत नाही. नारळ महाग, टाकवत नाही, हे खरं. पण लेकराचं पोट त्याहून महाग, नाही का?