पुन्हां पुन्हां वळणें
(भिसेगांव येथें ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मग्रामाच्या मुख्य पुरोहितांनीं केलेलें भाषण)



ज्युबिली म्हटली म्हणजे मागील पिढ्यांची आठवण काढावी, देवाचे आभार मानावे आणि पुढील कार्याची चिंता करावी, अशी रीत आहे. पहिलीं दोन कामें इतर वक्त्यांनीं माझ्याहून चांगलीं केलीं आहेत. माझ्या वांट्यास तिसरें आलें आहे, आणि तें थोडें अप्रिय आहे, हें आरंभींच सांगून टाकतों.

'परिवर्तन' हा शब्द कानीं पडला कीं आपली नजर चटकन दुसऱ्याकडे जाते. तें दारुड्यानें करावयाचें, किंवा ज्यानें प्रभूचें नांव ऐकलें नाहीं त्यानें करावयाचें. आपला तर बाळपणींच बाप्तिस्मा झाला, नोंदवहींत नांव चढलें, मग आपण वळावयाचें तें कोठें? परंतु शुभवर्तमान उघडून पाहा. प्रभूनें हांक मारतांच पेत्र जाळीं टाकून निघाला. पुढें तो प्रभूसंगें हिंडला, जेवला, त्यानें चमत्कार पाहिले. तरीही शेवटच्या भोजनाच्या रात्रीं प्रभु त्याच्याशीं असें बोलतो, कीं जणूं पेत्राचें वळणें अजून व्हावयाचेंच आहे, आणि तें झाल्यावर मग त्यानें आपल्या भावांना स्थिर करावें. बारांतला अग्रगण्य शिष्य, आणि त्याला हें सांगणें! लूकच्या बाविसाव्या अध्यायांत तें आहे. घरीं जाऊन वाचा.

आपल्या देशांतील माणसाला हें कळावयास कठीण पडूं नये. गळ्यांत तुळशीची माळ घातलेला वारकरी 'मी एकदां पंढरीला जाऊन आलों' म्हणून घरीं बसत नाहीं. आषाढी जवळ आली कीं पुन्हां वाट धरतो.

आणि आपल्यांतलेंच उदाहरण हवें असेल तर संत गोन्सालो गार्सिया यांचें घ्या. ते वसईचे; बाप पोर्तुगीज, आई या भूमीची. वसईंत जेजुइट फादरांजवळ शिकले, किशोरवयांत त्यांच्याबरोबर जपानास गेले आणि तेथें सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. जपानी भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली. जेजुइट संघांत प्रवेश मिळावा ही इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार धरला, व त्यांत यशही आलें. येथें त्यांची कथा संपली असती तरी कोणी नांव ठेवलें नसतें. बाप्तिस्मा झालेला, धर्मशिक्षण दिलेला, जम बसलेला व्यापारी. असा मनुष्य कोणत्याही धर्मग्रामांत पहिल्या बांकावर बसला असता. पण त्यांनीं व्यापार सोडला आणि मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून प्रवेश केला. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं, तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमानें, नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांना क्रूसावर चढविलें. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. आपण त्यांच्या क्रूसाचा मान करतों, तो योग्यच आहे. परंतु मला त्यांचा मनिलाचा दिवस अधिक विचार करावयास लावतो. तिशीच्या घरांतला, चार पैसे मिळविलेला मनुष्य गल्ला बंद करून नवशिका होतो!

हें बळ येतें कोठून? भिसेगांवकरांना याचें उत्तर रोज दिसतें. मुंबईहून सुमारें १०० किलोमीटर आपल्या जोरावर धांवत आलेली गाडी कर्जतला थांबते. पुढें बोरघाट, ३७ फुटांमागें १ फूट असा चढ. १८६३ पासून आगगाडी हा घाट चढते आहे, आणि आजही बहुतेक गाड्यांना येथें मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात. आंत बसलेल्या उतारूला तीं दिसतही नाहींत. ईश्वरी कृपा बहुधा अशीच मागून लागते. दृष्टांत येथेंच सोडतों, कारण तो घाट लोणावळ्यास संपतो.

आतां अप्रिय तें. कर्जत-खालापूरच्या जमिनीला अलीकडे शहरवाल्यांच्या बंगल्यांमुळें भाव आला, आणि त्याबरोबर घराघरांत भाऊबंदकी आली. एका चुलीवर वाढलेले भाऊ कोर्टांत समोरासमोर उभे राहतात आणि रविवारीं एकाच वेदीपुढें गुडघे टेकतात, एक डाव्या बाजूस, दुसरा उजव्या. कागदावर बहिणीची सही घेतली जाते, तिचा वांटा विचारला जात नाहीं. शेतांत राबलेल्या कातकरी बाईची मजुरी पुढच्या आठवड्यावर जाते. यांपैकीं कोणीही बाप्तिस्मा टाकलेला नाहीं! जक्कयाच्या घरीं प्रभु आला तेव्हां त्यानें प्रथम हिशेबाची गोष्ट काढली: अर्धी मालमत्ता गरिबांस, आणि ज्याला लुबाडलें त्याला चौपट. आम्हां पुरोहितांची याहून वेगळी गत नाहीं. दीक्षेच्या दिवशीं दिलेलें वचन रोज सकाळीं नव्यानें द्यावें लागतें, आणि पन्नाशीनंतर तें सोपें होतें असें कोणी सांगितलें तर विश्वास ठेवूं नका.

येत्या शनिवारीं सायंकाळीं ५ पासून मी कुमसार ऐकावयास बसणार आहें. ज्यांचें कोणाशीं बोलणें तुटलें असेल, त्यांनीं आधीं त्या घरीं जाऊन यावें आणि मग मजकडे यावें. उशीर झाला तरी चालेल. दार उघडें असेल.