ढोलीत ज्वारी असेल तर कापूस थांबतो

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बैठकांमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



काटकसर हा विषय काढला की सभेत चुळबुळ होते. ती व्हायलाच पाहिजे. आजवर शेतकऱ्याला काटकसर शिकवायला जो तो आला. शेतकरी कर्जात का, तर म्हणे लग्नात उधळतो, सण करतो, चहा पितो. भाव पाडणाराही हेच सांगतो आणि व्याज घेणाराही हेच सांगतो. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवू. शेतकरी कर्जात आहे तो उधळपट्टीमुळे नाही. पिकवायला जो खर्च येतो तो भरून निघेल असा भाव मिळत नाही, म्हणून कर्जात आहे. चहा सोडून कोणाच्या सात-बारावरचा बोजा उतरलेला आम्ही पाहिला नाही.

मग हा विषय घेतला कशाला? घेतला तो भावासाठीच. आपल्या घरात पैसा येतो एकदा आणि जातो बारा महिने. जूनमध्ये पेरणी, कापूस घरात यायला दसरा-दिवाळी. मधल्या पाच महिन्यांत बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी. त्यातच पोरांची शाळा, पावसाळ्यातला दवाखाना, पोळा, महालक्ष्म्या. हे पाच महिने घर उधारीवर चालते. दिवाळीला पहिल्या वेच्याचा कापूस येतो तेव्हा सावकार, दुकानदार, कृषी केंद्रवाला सगळे वाट पाहत असतात. सगळ्यांचा कापूस एकाच पंधरवड्यात बाजारात लोटला जातो. समोरच्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते की, हा माणूस गाडी परत नेणार नाही. मग तो भाव कशाला वाढवील?

आपल्याला जी काटकसर हवी आहे ती ही गाडी परत नेता यावी म्हणून. पोट मारून शिल्लक टाकायची म्हणून नव्हे.

गळती कुठे आहे

थोडा हिशेब करू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरतो, तुम्ही आपापल्या घरचे घाला. समजा, जूनमध्ये वीस हजार रुपये सावकाराकडून शेकडा पाच महिन्याने उचलले. शेकडा पाच ऐकायला लहान वाटते, पण वर्षाला ते शेकडा साठ होते. नोव्हेंबरअखेर फेडले तरी सहा महिन्यांचे व्याज सहा हजार. किराणा महिन्याला तीन हजारांचा, पाच महिने उधारीवर. उधारीचा भाव वेगळा असतो. शंभरामागे दहा जास्त धरले तर दीड हजार. तिसरी बाब सांगितली की माणसे खाली पाहतात. रोजचा वीस रुपयांचा खर्रा म्हणजे वर्षाचे सात हजार तीनशे. तिन्हींची बेरीज चौदा हजार आठशे. कापसाला सात हजारांचा भाव धरला तर हा दोन क्विंटलाहून जास्त कापूस झाला. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल कापूस होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा एकर आपण पेरला, निंदला, वेचला आणि या तीन खिडक्यांतून बाहेर फेकला.

यातली पहिली खिडकी सर्वांत मोठी. ज्यांचे बँकेचे वा सोसायटीचे पीककर्जाचे खाते चालू आहे त्यांनी ते चालू ठेवावे. मुदतीत फेड झाली तर आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही. एकीकडे शून्य टक्के आणि दुसरीकडे साठ टक्के. घरातली सगळी काटकसर एका पारड्यात घातली तरी या फरकाच्या बरोबरीला येणार नाही.

किराण्याचे म्हणाल तर दिवाळीला चुकारा हातात आला की तेल, मीठ, साखर, साबण, चहा या पाच वस्तूंचा पावसाळ्याचा पैसा आधी बाजूला काढा. टिकाऊ माल चार घरांनी मिळून ठोक घ्यावा, वाटून घ्यावा. सोसायटी, ठराव, पदाधिकारी काही लागत नाही. शेजारच्या चार बाया पुरेत.

सीताशेती आणि माजघरशेती

नोव्हेंबर १९९१ मध्ये शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती अशी तिची चार अंगे. व्यापार आणि निर्यातीवर सभांमध्ये पुष्कळ बोलले गेले. सीताशेती आणि माजघरशेती ही बायांची कामे म्हणून मागे पडली. घर चालते ते या दोहोंवर.

सीताशेती म्हणजे घरच्या बाईच्या ताब्यातला जमिनीचा लहान तुकडा. त्यात बाहेरून विकतचे काही आणायचे नाही. बी घरचे, खत घरचे, श्रम घरचे, आणि येईल ते आधी घरात. वऱ्हाडात पाच गुंठ्यांत काय होत नाही? मूग, उडीद, बरबटी, तीळ, अंबाडी, गवार, भेंडी, बांधावर वाल आणि कोहळ्याचा वेल. अंबाडीचा पाला भाजीला आणि वाख दोराला. पावसाळ्यात आठवडी बाजारातून भाजी आणावी लागली नाही तर तेवढ्या आठवड्यांचा पैसा वाचतो, आणि घरातल्या ताटात हिरवे पान पडते.

आता ज्वारी. ज्वारी का मोडली हे आम्हाला ठाऊक आहे. रोही आणि रानडुकरे उभे पीक लोळवतात, पाखरे कणसे टिपतात, ऐन दाणा भरताना पाऊस आला तर ज्वारी काळी पडते. त्यात सोयाबीन आले, चार महिन्यांत रोख पैसा दिसला. ही कारणे खोटी नाहीत. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा-सात क्विंटल धान्य लागते. बऱ्या पावसात एकरभर ज्वारी तेवढी देते, शिवाय बैलांना कडबा. तो कडबा आज विकत घ्यायला गेले म्हणजे कळते.

सगळा एकर द्यायचा नसेल तर आंतरपीक आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची कोरडवाहू कापसासाठी जुनी शिफारस आहे: कापसाच्या सहा ओळी, ज्वारीची एक, तुरीच्या दोन आणि पुन्हा ज्वारीची एक. या दहा ओळींत विकायचा कापूस आहे, भाकर आहे, वरण आहे आणि सरपणाला पऱ्हाटी-तुराटी आहे. कापूस बुडाला तरी घर उपाशी राहत नाही. राखणीचे एकट्याने होत नाही. शेजारच्या पाच-सात वावरांनी एकाच वेळी पेरावे आणि राखण पाळीने करावी.

कोणी म्हणेल, धान्य सरकार देतेच. आपल्या भागाचा अनुभव काय? शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही येतात. तिथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ मध्ये ते बंद करून खात्यात माणशी महिना १५० रुपये द्यायचे ठरले, २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता. त्या भावाने १७० रुपयांत साडेचार किलोच्या वर थोडी ज्वारी येते. एका माणसाचा महिना त्यात निघत नाही. कागदावरचे धान्य कागदाने जाते. ढोलीतले जात नाही.

माजघरशेती म्हणजे शेतातला माल घरात थोडा सुधारून मग खायचा किंवा विकायचा. तुरीचे उदाहरण घ्या. एक क्विंटल तुरीची साधारण सत्तर किलो डाळ होते, वर चुनी ढोरांना. आपण तूर खळ्यावरून कच्ची विकतो आणि वर्षभर किलो-किलो डाळ दुकानातून आणतो. विकताना ठोक भाव, घेताना किरकोळ भाव. मधला सगळा पैसा दुसऱ्याचा. म्हणून नियमच करा की, तुरीचा पहिला क्विंटल विकायचा नाही. तो जात्यावर भरडा नाही तर गावच्या डाळ मशीनवर न्या, पण डाळ घरात ठेवा. मूगवड्या, शेवया, पापड हे आपल्या मायबहिणी उन्हाळ्यात करतातच. त्याला आपण हौस समजतो. ती पावसाळ्याची तरतूद आहे.

धान्य टिकवायचे तंत्र अवघड नाही. दाणा दाताखाली टचकन फुटेपर्यंत उन्हात वाळवा. गरम असताना भरू नका, रात्रभर निवू द्या. ढोली किंवा कोठी झटकून, उन्हात तापवून, भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडावर ठेवा. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. नवे धान्य जुन्यात कधीही मिसळू नका. कीड तिथूनच येते. खायच्या धान्यात विषारी पावडर मिसळू नये आणि फवारणीचे रिकामे डबे पाण्याला किंवा तेलाला वापरू नयेत. असली काटकसर जिवावर बेतते.

काटकसर कुठे करायची नाही

आपल्या घरात काटकसर सुरू झाली की ती सर्वांत आधी बाईच्या ताटात सुरू होते. सगळे जेवल्यावर ती बसते, आणि भाजी संपलेली असते. दुसरी कात्री मुलीच्या शाळेला लागते, तिसरी दवाखान्याला. ही काटकसर नव्हे, हे नवे कर्ज आहे. अंगात रक्त नसलेली बाई वेच्याच्या दिवसांत आजारी पडली की घरचे दोन हात कमी होतात, वेचाई विकतची लागते आणि दवाखान्याचे बिल वेगळे. म्हणून बाईचे ताट, पोरांचे दूध, मुलीची शाळा आणि औषध या चार ठिकाणी हात आखडायचा नाही.

हात आखडायचा तो मांडवात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनांतून हेच सांगत फिरले: कर्ज काढून लग्न करू नका, तेरवीच्या पंगती घालू नका, मोडक्या भांड्यात खा पण पोरांना शिकवा. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावाने विद्यापीठ झाले, पुतळे झाले, आणि गावोगाव तेरवीला अजून हजार पाने उठतात. यात एकट्या घराला दोष देऊन उपयोग नाही. पंगत लहान केली तर लोक काय म्हणतील ही भीती खरी आहे. म्हणून हा निर्णय घराने नव्हे, गावाने घ्यायचा. गावाच्या बैठकीत ठरवा की तेरवीला घरचे आणि सोयरेच जेवतील, आणि लग्ने सामूहिक विवाहात किंवा घरच्या मांडवात होतील. पहिली पंगत ज्याची ऐपत आहे त्याने लहान करावी. गरिबाने केली तर लोक ऐपत नाही म्हणतात. पाटलाने केली तर तो पायंडा पडतो.

वही

घरात एक वही ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे ती द्या. डाव्या पानावर घरखर्च, उजव्या पानावर शेतीखर्च. त्यात बाईने किती दिवस निंदले, किती दिवस वेचले हेही लिहा आणि त्याला गावातल्या मजुरीचा दर लावा. केंद्राचा हमीभाव काढताना घरच्यांची मजुरी धरतात, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरत नाहीत. ते धरून होणारा खर्च वेगळ्या रकान्यात राहतो. भावाची मागणी करताना आपल्या हातात आपल्या वावराचा आकडा असला पाहिजे. शंभर वह्या एकत्र आल्या तर त्याला कोणी भावनेचे भाषण म्हणू शकणार नाही.

थांबायचे किती

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थांबायची ताकद आली म्हणजे डोळे मिटून थांबायचे असे नाही. २०२१-२२ च्या हंगामात अकोटच्या बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला. ज्यांचा कापूस घरात होता त्यांचे चीज झाले. पुढच्या वर्षी त्याच आशेने घरोघरी कापूस भरून ठेवला. २०२३ चा उन्हाळा आला, भाव चढण्याऐवजी उतरला, कापसाच्या गंजीने घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि पेरणीच्या तोंडावर पडत्या भावाने विकावे लागले. ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे व्याज होते त्यांना दुहेरी मार बसला.

यातून घ्यायचा नियम साधा आहे. पहिल्या वेच्याचा कापूस विकून आधी महागड्या व्याजाचे देणे फेडा. व्याजाचा कापूस घरात ठेवू नये. तो दर महिन्याला शेकडा पाच घटतो. उरलेला कापूस एकदम न विकता तीन भागांत विका. सगळ्यात वरचा भाव कदाचित सापडणार नाही, पण सगळ्यात खालच्या भावातही सगळा माल जाणार नाही.

विकायला नेण्याआधी वाळवा. सीसीआयच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, पुढे बारा टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात होते, आणि त्यावर माल परत. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. चार टक्क्यांची कपात म्हणजे क्विंटलमागे तीनशे चोवीस रुपये. दोन दिवसांचे ऊन फुकट आहे.

तेव्हा मायबहिणींनो आणि भावांनो, पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने चार कामे करावीत. वही सुरू करावी. येत्या पेरणीत किती ओळी ज्वारीच्या आणि किती तुरीच्या हे घरच्या बाईला विचारून ठरवावे. किराण्यासाठी चार-चार घरांचे गट करावेत. तेरवी-लग्नाचा ठराव करावा. भावासाठी रस्त्यावर यायची हाक येईल तेव्हा येऊच. पण रस्त्यावर दहा दिवस बसायचे तर घरची चूल दहा दिवस पेटती राहिली पाहिजे. ज्याच्या ढोलीत ज्वारी आहे त्याचाच कापूस थांबू शकतो, आणि ज्याचा कापूस थांबू शकतो त्यालाच व्यापारी आणि सरकार दोघेही भाव विचारतात.