खापर कुणाच्या माथी?

परदेशी गेलेल्या मुलांच्या मनातल्या अपराधीपणाबद्दल बोलायचं, तर मी सुरुवात गिरणगावापासून करणार आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढं शंभराहून जास्त वर्षं कोकणातला चाकरमानी लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपत राहिला. भिंतीला ओळीनं ट्रंका, जेवण खानावळीत. बायको, पोरं, म्हातारी गावाला.

महिन्याला मनीऑर्डर जाई. फॉर्मवर मजकुराला बोटभर जागा. ‘बियाण्याचे पैसे बाजूला ठेवणे, आईस दवापाणी करणे.’ पोस्टमन पडवीत बसून ते मोठ्यानं वाचणार, सासू ऐकणार. मग बायकोला वेगळं लिहिणार काय? तिनं अंगठा उठवायचा आणि नोटा सासूच्या हाती द्यायच्या.

या माणसाला टोचणी नव्हती असं समजू नका. पण घर त्यानं सोडलं, की पगारानं सोडायला लावलं? तो पगार एका माणसापुरता बेतलेला. पोरं वाढवणं, आजारपणं काढणं, म्हातारपण निभावणं हा सगळा भार वरकस जमिनीनं आणि त्या बाईच्या कंबरेनं उचलला. मालकाच्या वहीत तो खर्च कधी चढलाच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी गावाला गेले, आणि त्यांना पुन्हा त्याच जमिनीनं पोसलं.

आता अमेरिका. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याला बायको-मुलं नेता येतात. आईवडिलांनी पाहुणे म्हणून जायचं आणि मुदत संपली की परतायचं. मुलगा तिथला नागरिक झाला तरच त्यांच्या ग्रीनकार्डासाठी अर्ज करणार. नागरिक व्हायला आधी त्याला स्वतःला ग्रीनकार्ड हवं, आणि आपल्या लोकांची त्यासाठीची रांग केवढी, हे इथं बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. म्हणजे कात्री लावली कायद्यानं आणि रात्रीची झोप उडाली मुलाची.

माझी तक्रार मात्र त्या मुलाबद्दलही आहे. आपल्याकडं २००७ च्या कायद्यानं आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. पैसे मिळतील हो; डायलिसिसला न्यायला माणूस लागतं. ते माणूस बहुतेक वेळा कोथरूडला राहणारी बहीण असते. रात्री भावाचा फोन येतो : रिपोर्ट पाठव, दुसऱ्या डॉक्टरला दाखवलंस का, मीठ बंद केलंस ना? त्याची टोचणी सूचना होऊन तिच्या डोक्यावर बसते. दिवसभर दवाखान्यात बसून आलेल्या बाईला वर जबाब द्यावा लागतो.

त्यापेक्षा त्यानं तीन आठवडे यावं, वडिलांच्या डायलिसिसच्या फेऱ्या स्वतः कराव्यात आणि तिला तेवढे दिवस घराबाहेर पाठवावं. यातही व्हिसा आडवा येतो. पासपोर्टावरच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर परत जाण्याआधी नवा घ्यावा लागतो, म्हणून मुलगा धजत नाही. हे कारण खरं आहे. तेवढंच त्यानं बहिणीला सरळ सांगावं, आणि मिठाचं तिच्यावर सोडावं.