मेंदूतील रोगपेशींवर प्रकाशाची खूण



दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपासून वीज निर्माण होते आणि दूरदूरच्या घरांत दिवे लागतात. नळीच्या दिव्यात पाऱ्याच्या वाफेतून निघणारे बहुतेक किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पूड ते किरण शोषून घेते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. पदार्थाच्या या गुणधर्माला अनुदीप्ती किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली त्याचे विवेचन केले. हाच गुणधर्म आज मेंदूच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत उपयोगी पडत आहे.

ग्लायोमा ही मेंदूच्या आधारपेशींपासून उद्भवणारी गाठ होय. शेतात पिकाच्या मुळांत तणाची मुळे गुंतावीत, तशा या घातक गाठीच्या पेशी निरोगी भागात शिरलेल्या असतात. साध्या प्रकाशात दोहोंची सीमा ओळखणे अवघड असते. कमी काढावे तर रोग उरतो; अधिक काढावे तर रुग्णाची वाचा किंवा हातापायांतील शक्ती जाण्याचे भय असते.

यावर उपाय म्हणून ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे औषध वापरतात. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम या प्रमाणात ते पाण्यात विरघळवून भूल देण्यापूर्वी सुमारे तीन तास रुग्णास पाजतात. रोगपेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचे द्रव्य तयार होऊन साठते. सूक्ष्मदर्शकातून निळा-जांभळा प्रकाश टाकला की रोगट भाग तांबूस चमकतो आणि निरोगी भाग निळसरच राहतो.

जर्मनीतील वॉल्टर श्टुमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली आपल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या पद्धतीने शंभरातील ६५ रुग्णांची दिसणारी गाठ पूर्णपणे काढता आली. साध्या प्रकाशात हे प्रमाण ३६ होते. सहा महिन्यांपर्यंत रोग न वाढलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४१ व २१ टक्के होते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. अलीअसगर मोईयादी व त्यांच्या सहकाऱ्यांनीही ही पद्धत वापरली असून, अनुदीप्ती आणि शस्त्रक्रियेच्या वेळची सोनोग्राफी ही साधने परस्परपूरक असल्याचे दाखविले आहे.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. मंद गतीने वाढणाऱ्या अनेक गाठी चमकत नाहीत. औषध घेतल्यानंतर काही काळ रुग्णास प्रखर प्रकाशापासून जपावे लागते. शिवाय हा प्रकाश रोग समूळ नष्ट करीत नाही. पुढे किरणोपचार व औषधोपचार आवश्यकच असतात.

तथापि, रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला तरच या विज्ञानाचा लाभ. प्रौढ वयात प्रथमच आलेली फेफऱ्याची झटक, पहाटेची वाढती डोकेदुखी व उलट्या, एका बाजूच्या हातापायांत हळूहळू येणारा अशक्तपणा ही लक्षणे बाहेरची बाधा नव्हेत. अशा रुग्णास अंगारेधुपारे करीत घरी न ठेवता तपासणीसाठी पाठविले पाहिजे. खानदेशात धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ही माहिती शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत सांगितली, तर एखाद्या घरचा कर्ता माणूस वेळीच उपचारापर्यंत पोहोचेल.