निबंधाच्या वहीतला दवाखान्याचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यात, विद्यार्थ्यांच्या निबंध स्पर्धेच्या बक्षीस वाटपाच्या वेळी केलेले भाषण)



'आरोग्यसेवेत कोणत्या सुधारणा हव्यात?' असा विषय देऊन आम्ही शाळाशाळांतून निबंध मागवले, तेव्हा आमच्यातलेच काही जण म्हणाले, कापसाचा भाव सोडून हे काय नवीन काढले? निबंध वाचून झाल्यावर तेच गप्प झाले.

पुष्कळ मुलांनी पाठ केल्यासारखे लिहिले. गावोगावी मोठा दवाखाना हवा, मोठ्या मशिनी हव्यात. चूक नाही, पण त्यात आपले गाव कुठे दिसत नाही. एका मुलीचा निबंध मात्र जेमतेम दीड पानाचा. प्रस्तावना नाही, समारोप नाही. आईचे पोट दुखू लागले त्या दिवसापासूनचा खर्च ओळीने मांडलेला. जीपचे भाडे ८०० रुपये, तपासण्या आणि सोनोग्राफी १,९००, बाहेरून आणलेली औषधे १,४५०. बेरीज ४,१५०. बापाची आठ दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळी. खाली एकच ओळ : बाबांनी घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला, भाव विचारला नाही.

एक परीक्षक म्हणाले, हा निबंधच नव्हे. बरीच वादावादी झाली. पहिले बक्षीस आम्ही त्यालाच दिले.

मंडळी, भाव काय नुसता बाजारात पडतो? घरात आजारी माणूस असले की माल थांबवून धरायची ताकदच राहत नाही.

त्या हिशेबात ऑपरेशनचा खर्च नाही. ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाले. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण, ही लहान गोष्ट नाही. पण योजना कामी येते ती भरती झाल्यावर. त्याआधीची वणवण आणि रक्तदाब-साखरेची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. त्यासाठी ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र हा नियम आहे. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत, हा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाला. मग त्या माउलीला बाहेर का जावे लागले? केंद्रात दुपारनंतर डॉक्टर नव्हते आणि औषध संपले होते, हेही पोरीने लिहून ठेवले आहे.

दुसऱ्या एकाने फवारणीवर लिहिले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. उतारा जवळच्या केंद्रात हवा, एवढीच त्याची मागणी. जिल्ह्याच्या गावाला पोहोचेपर्यंत विष थांबत नाही.

वर्ध्याकडच्या जुन्या माणसांना ज्वारीचा विमा आठवत असेल. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजूंनी तो चालवला. सुगीला ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी घालायची, गावातलाच एक आरोग्यसेवक, आणि अचानकच्या आजारात भरती झाल्यास बिलाची धास्ती नाही. आम्हाला त्यातली मोठी गोष्ट ज्वारी वाटत नाही. आपला दाणा घातलेला माणूस दवाखान्यात हात जोडून उभा राहत नाही, प्रश्न विचारतो.

तेव्हा प्रत्येक गावाने एक वही घालावी. केंद्रावर गेलो तो दिवस, डॉक्टर होते की नाही, कोणते औषध बाहेरून आणले, किती पैसे गेले, एवढेच लिहायचे. वह्या पुढच्या बैठकीला आणा. तिथून त्या घेऊन आपण केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे बसू.

पहिल्या बक्षिसाची मुलगी आज आलेली नाही, कापूस वेचायला गेली आहे. तिच्या गावचे कार्यकर्ते पुढे यावेत, बक्षीस त्यांच्याकडे देतो.