मनोरा नसेल तिथे



 प्राचीन शिवमंदिराच्या नागरा गावाला शिकाऊ विमानांचा आवाज नवा नाही. जवळच बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. आता तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची मुलेमुली उडायला शिकतात. बिरसीला नियंत्रण मनोरा आहे. बारामतीच्या धावपट्टीला मात्र कित्येक वर्षे तो नव्हता. कोणते विमान कुठे आहे, ही माहिती तिथल्या प्रशिक्षण संस्थांचे वैमानिकच देत. बिरसीत शिकलेल्यांनाही पुढे कधीतरी अशा धावपट्टीवर उतरावे लागेल, म्हणून या परिषदेसाठी मनोऱ्याविना उतरण्याचा विषय.

मनोरा नसला तरी शिस्त ठरलेली असते. धावपट्टीपासून साधारण हजार फूट उंचीवर, बहुधा डाव्या वळणांनी सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी, घ्यायचे आणि डाउनविंड, बेस, फायनल अशा प्रत्येक टप्प्यावर रेडिओवरून आपली जागा सांगायची. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, सगळ्यांच्या वाटा एकत्र येतात. धोका तिथेच सर्वांत जास्त.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला तिथेच दोन विमाने धडकली. छोटे सेसना १५२ सर्किटमध्ये होते. दोन इंजिनांचे सेसना ३४० लांबून सरळ फायनलवर आले, तेही १८० नॉटच्या आसपास वेगाने. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. मागचे विमान फार वेगात येत असल्याचे छोट्या विमानाच्या वैमानिकाने सांगितलेही, पण तोवर वेळ संपली होती. तिघे गेले.

८ जुलै २०२५ रोजी कॅनडातल्या स्टाइनबाखजवळ दोन शिकाऊ विमाने एकाच वेळी उतरायला आली आणि धडकली. दोन्ही विद्यार्थी वैमानिक दगावले. त्यातला एक केरळचा होता. रेडिओ त्या विमानांतही होते.

रेडिओ हवाच, पण नजर त्याहून हवी. पंख खाली असलेल्या डायमंड विमानातून खालचे विमान झाकले जाते, पंख वर असलेल्या सेसनातून वरचे. शिवाय जे विमान धडकणार, ते काचेत सरकत नाही. ठिपका एकाच जागी राहतो आणि अगदी शेवटी झपाट्याने मोठा होतो. हलणारे चटकन टिपणाऱ्या डोळ्याला तो म्हणूनच चकवतो. वळण्यापूर्वी मान फिरवून दोन्ही बाजूंचे आकाश पाहायलाच हवे.

प्रशिक्षकांना स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे: बिरसीच्या मनोऱ्याने सांगण्याआधीच पुढे कोण, मागे कोण, कोण वळणार, हे विद्यार्थ्याला दर सर्किटला विचारावे. आता अध्यक्षांनी परिषदेच्या कामकाजाला सुरुवात करावी.